कुटुंब आणि कायदा : छप्पर जाण्यापूर्वीचे ५६ दिवस

व्यापारी घराण्यांत पैशाची अडचण उंबरठ्याबाहेर जाऊ न देण्याची रीत जुनी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, या समजुतीने अनेक पेढ्यांची पत वाईट दिवसांतही टिकून राहिली. बाजारात नाव राहिले तर उद्या पुन्हा माल उधारीवर मिळेल, हा त्यामागचा हिशेब असतो आणि तो बहुधा खराही ठरतो. परंतु राहते घर जाण्याची वेळ येते तेव्हा हीच सवय कुटुंबाला फार महाग पडते. इंग्लंडमध्ये तर ती विशेषच महाग पडते. कारण तेथील कायदा मदतीचा मोठा भाग घर जाण्यापूर्वी देऊ करतो, आणि ती मदत मागितल्याखेरीज मिळत नाही.

इंग्लंड व वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत सुमारे २५ हजार व्यक्तींनी आपला धर्म जैन असा नोंदविला. यांतील मोठा भाग लंडनच्या हॅरो, ब्रेंट यांसारख्या उपनगरांत आणि काही भाग लेस्टरसारख्या शहरांत राहतो. येथल्या अनेक कुटुंबांचे भाऊ, लेकी, नातवंडे तेथे आहेत. दुकान, औषधालय किंवा नोकरी यांवर त्यांचा संसार उभा आहे आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची संख्याही थोडी नाही. त्यांच्यापैकी कोणावर घर सोडण्याची पाळी आली, तर पहिला दूरध्वनी बहुधा येथल्या वडीलधाऱ्यांनाच येतो. त्या वेळी काय सांगावे, हे ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

हक्क कसा आला

बेघर होण्याची आठवण त्या समाजाला नवी नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. सुमारे २८ हजार माणसे ब्रिटनमध्ये आली. त्यांच्यासाठी सरकारने युगांडा पुनर्वसन मंडळ नेमले आणि जुन्या लष्करी छावण्यांत तात्पुरती सोय केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेस्टरच्या कौन्सिलने ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात जाहिरात देऊन, शहरावर आधीच ताण असल्याने विस्थापितांनी तेथे येऊ नये, असे सुचविले होते. तरीही कुटुंबे आली, नातलगांच्या खोल्यांत दाटीवाटीने राहिली आणि पुढे त्याच शहरातील बाजारपेठा त्यांनी गजबजवल्या.

त्या काळी बेघर कुटुंबाला घर मिळवून देण्याचे स्पष्ट कर्तव्य कौन्सिलवर नव्हते. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्यात निवाऱ्याची तरतूद होती. पण ती तात्पुरत्या आश्रयापुरती असे आणि अनेक ठिकाणी आई-मुलांना आत घेऊन बापाला बाहेर ठेवले जाई. नोव्हेंबर १९६६ मध्ये बीबीसीने ‘कॅथी कम होम’ हे नाट्य प्रसारित केले. एक साधे कुटुंब घरामागून घर गमावत शेवटी कसे विखुरते, हे लाखो लोकांनी त्यात पाहिले. त्याच वर्षी १ डिसेंबरला ‘शेल्टर’ ही संस्था सुरू झाली. पुढे १९७७ मध्ये स्टीफन रॉस या खासदारांनी मांडलेल्या विधेयकातून बेघरांसाठीचा पहिला स्वतंत्र कायदा झाला. आजचा पाया आहे १९९६ च्या गृहनिर्माण कायद्याचा सातवा भाग.

या पायावर २०१७ मध्ये महत्त्वाची भर पडली. हॅरो ईस्टचे खासदार बॉब ब्लॅकमन यांनी मांडलेल्या खासगी विधेयकातून बेघरपणा घटविण्याचा कायदा संमत झाला आणि ३ एप्रिल २०१८ पासून तो इंग्लंडमध्ये लागू झाला. पूर्वी घर जाण्याचा धोका २८ दिवसांवर आला की कौन्सिलचे कर्तव्य सुरू होई. आता ती मुदत ५६ दिवसांची झाली. घर गेल्यावर धावण्यापेक्षा ते जाण्याआधी सावरावे, हा या कायद्याचा गाभा आहे.

बेघर कोणाला म्हणावे

रस्त्यावर झोपणाऱ्यालाच बेघर म्हणतात, हा समज कायद्याला मान्य नाही. राहण्याचा कायदेशीर हक्क असलेली जागा ज्याच्याजवळ नाही, किंवा असलेल्या जागेत राहत राहणे वाजवी नाही, तो कायद्याने बेघर. नातलगाच्या दिवाणखान्यात महिनाभर अंथरूण टाकणारे कुटुंब, ज्या घरात मारहाण होते त्या घरातील सून, घरमालकाने कुलूप बदलल्याने बाहेर राहिलेला भाडेकरू, हे सारे या व्याख्येत बसू शकतात. यापैकी काही येत्या ५६ दिवसांत घडण्याचा संभव असेल, तर ती व्यक्ती बेघर होण्याच्या धोक्यात आहे असे कायदा मानतो.

येथे एक बारकावा आपल्याकडच्या कुटुंबांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. कायद्याचे शब्द ‘युनायटेड किंग्डममध्ये किंवा अन्यत्र’ असे आहेत. पुण्यात किंवा मुंबईत स्वतःच्या नावावर रिकामी सदनिका असेल आणि तेथे जाऊन राहणे कुटुंबाला खरोखर शक्य व वाजवी असेल, तर कौन्सिल तिचा विचार करू शकते. वडिलोपार्जित वाड्यातील नुसता कागदोपत्री हिस्सा ही निराळी गोष्ट; पण ती लपवून ठेवणे धोक्याचे. जाणूनबुजून खोटी माहिती देणे किंवा महत्त्वाची माहिती दडवणे हा या कायद्याखाली गुन्हा आहे.

कौन्सिलची कर्तव्ये

अर्ज विशिष्ट नमुन्यातच हवा, असा नियम नाही. तो तोंडी चालतो, लेखी चालतो आणि कौन्सिलच्या कोणत्याही विभागाकडे करता येतो. कुटुंब बेघर असावे किंवा होण्याच्या बेतात असावे, असे मानण्यास कारण दिसले की चौकशी करणे कौन्सिलवर बंधनकारक ठरते. ‘बेलिफ दारात आले की या’ असे सांगून परत पाठवणे कायद्याला धरून नाही. कागद अपुरे आहेत म्हणून अर्जच न घेणे हेही योग्य नाही. कागद मागाहून देता येतात. दुभाषी हवा असल्यास तसे आरंभीच सांगावे.

चौकशीनंतर अधिकारी कुटुंबाच्या गरजांची पाहणी करतो आणि एक लेखी गृहयोजना तयार होते. त्यात कौन्सिल काय करील आणि कुटुंबाने काय करावे, हे दोन्ही नोंदवलेले असते. पुढील कर्तव्ये टप्प्याटप्प्याने येतात. घर अजून हातात असेल, तर ते टिकवण्यास किंवा दुसरे मिळवण्यास साह्य करणे हा पहिला टप्पा. त्यात घरमालकाशी बोलणी, थकबाकीचे हप्ते, नव्या घराच्या अनामत रकमेसाठी मदत असे उपाय येतात. घर गेलेच, तर पुढचे ५६ दिवस नवे घर मिळवण्यास साह्य करणे हा दुसरा टप्पा. हे दोन टप्पे पात्र असलेल्या प्रत्येकासाठी आहेत, मग तो एकटा तरुण असो की सहा माणसांचे कुटुंब.

प्रत्यक्ष तात्पुरते घर आणि अखेरीस कायमच्या सोयीचे पूर्ण कर्तव्य मात्र ‘प्राधान्य-गरज’ असलेल्यांनाच लाभते. गर्भवती स्त्री, अवलंबून असलेली मुले असणारे कुटुंब, आग वा पुरासारख्या आपत्तीने बेघर झालेले, घरगुती अत्याचारामुळे बेघर झालेली व्यक्ती, १६ व १७ वर्षांची मुले, तसेच वार्धक्य, मानसिक आजार किंवा अपंगत्व यांमुळे असुरक्षित असलेले, असे त्यातील मुख्य गट आहेत. असुरक्षितता कशी मोजावी, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले की तुलना सर्वसामान्य माणूस बेघर झाल्यास त्याची जी अवस्था होईल तिच्याशी करावयाची. रस्त्यावर दीर्घकाळ राहून खचलेल्या माणसाशी नव्हे. म्हणून मधुमेह, हृदयविकार, नैराश्य यांचे कागद केवळ जोडून भागत नाही. घर नसल्यास या आजाराचे काय होईल, हे डॉक्टरांच्या पत्रात स्पष्ट लिहिलेले असावे.

तात्पुरत्या निवाऱ्याविषयी भाबड्या कल्पना नसाव्यात. मार्च २०२४ अखेर इंग्लंडमध्ये १ लाख १७ हजारांहून अधिक कुटुंबे अशा निवाऱ्यात राहत होती. खोली लहान असते, भाडे आकारले जाते, स्वयंपाकघर सामाईक असू शकते. शाकाहारी कुटुंबाला, कांदा-लसूणही वर्ज्य मानणाऱ्या वृद्ध आईला, हे जड जाते. अशी गरज पाहणीच्या वेळीच नोंदवावी. मुले असलेल्या कुटुंबाला सामाईक सोयीच्या खासगी बी-अँड-बीमध्ये ठेवायचेच झाले, तर ते दुसरी जागा नसेल तेव्हाच आणि सहा आठवड्यांपेक्षा अधिक नाही, असा नियम आहे. शक्य तोवर आपल्याच हद्दीत जागा द्यावी, हेही कौन्सिलचे कर्तव्य आहे. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने एका आईला तिच्या पाच मुलांसह मिल्टन कीन्सजवळ पाठवू पाहिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तो निर्णय रद्द ठरवून, दूरची जागा का दिली याची कारणे कौन्सिलला दाखवता आली पाहिजेत, असे बजावले.

दुकान आणि वरचे घर

आता एका कल्पित कुटुंबाचे उदाहरण घेऊ. समजा, एका गृहस्थाचे किराणा दुकान आहे आणि त्याच भाडेकरारात वरची सदनिकाही आहे. पती, पत्नी, शाळकरी दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेली आई असे पाच जण वर राहतात. शेजारी मोठे दुकान निघाले, गल्ला घटला, भाडे तीन महिने थकले. मालकाचा निरोप आला की शनिवारपर्यंत किल्ल्या द्या, नाहीतर कुलूप बदलू.

पत जपणाऱ्या माणसाच्या मनात येणारा पहिला विचार असा, की कोर्टकचेरी नको. किल्ल्या देऊन मोकळे व्हावे आणि मेहुण्याकडे जावे. हे पाऊल त्याला सर्वांत अधिक नडेल. केवळ दुकान असते तर भाडे थकल्यावर मालकाला कराराप्रमाणे कब्जा घेता आला असता. परंतु त्याच जागेत कोणी कायदेशीरपणे राहत असेल, तर न्यायालयात गेल्याशिवाय तसे करता येत नाही. दुकान व वरचे घर एकत्र असलेल्या जागेलाही हे संरक्षण लागू आहे, असे अपील न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले. निवासी भाडेकरूच्या बाबतीतही नोटीस म्हणजे हुकूम नव्हे. नोटिशीची मुदत संपली तरी न्यायालयाचा कब्जा-आदेश होऊन बेलिफ येईपर्यंत भाडेकरूला सामान्यतः घरातच राहता येते. धाकदपटशाने बाहेर काढणे १९७७ च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे आणि त्याची तक्रार कौन्सिलकडेच करता येते. मालकाच्याच घरात एखादी खोली घेऊन राहणाऱ्याला मात्र एवढे संरक्षण नाही, हा भेद विसरू नये.

खासगी भाडेकरूंसाठी २०२५ च्या कायद्याने आणखी एक बदल केला आहे. कारण न देता घर रिकामे करून मागण्याची कलम २१ ची नोटीस १ मे २०२६ पासून बंद होते. घर विकायचे आहे किंवा स्वतः राहायचे आहे, असे कारण असल्यास मालकाने चार महिन्यांची नोटीस द्यावयाची, आणि भाडेकराराच्या पहिल्या वर्षात या कारणांनी घर काढून घेता येत नाही.

या गृहस्थाने किल्ल्या आधीच दिल्या, तर कौन्सिलपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो : कुटुंब हेतुपुरस्सर बेघर झाले काय? राहणे शक्य व वाजवी असलेले घर एखाद्याने जाणून केलेल्या कृतीमुळे गमावले, तर त्याला हेतुपुरस्सर बेघर ठरवता येते आणि मग पूर्ण कर्तव्य उरत नाही. मुलेबाळे असल्यास थोड्या अवधीपुरता निवारा आणि सल्ला मिळतो इतकेच. पोटाला चिमटा घेऊनही भाडे भरता आले नाही, ही असमर्थता झाली. हाती पैसा असता तो लग्नसमारंभात घालवून भाडे थकवणे, ही निवड झाली. महत्त्वाची एखादी वस्तुस्थिती ठाऊक नसताना सद्भावनेने केलेली कृती कायदा हेतुपुरस्सर मानत नाही. म्हणून जमाखर्च येथे कामी येतो. किती विक्री झाली, किती देणी भागवली, भाड्यासाठी काय शिल्लक होते, हे वहीत मांडलेले असेल तर गृहस्थाचा प्रामाणिकपणा कागदच सांगतो.

त्याने त्याच आठवड्यात कौन्सिलकडे जावे. सोबत ओळखपत्रे, भाडेकरार, मालकाचा निरोप, बँकेचे उतारे, मुलांचे जन्मदाखले आणि आईचे वैद्यकीय कागद न्यावेत. प्रत्येक भेटीची तारीख व अधिकाऱ्याचे नाव टिपून ठेवावे आणि जे बोलणे झाले ते त्याच दिवशी ई-मेलने कळवून पक्के करावे. व्यापाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. तो सौद्यातही हेच करतो.

ज्यांना हा हक्क नाही

सर्वांत अधिक गैरसमज येथेच होतात. व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ अशी अट असणारे विद्यार्थी व नोकरदार सामान्यतः या मदतीस पात्र नसतात. शिकावयास गेलेल्या मुलामुलींनी हे जाण्यापूर्वीच समजून घ्यावे आणि घरच्यांनी काही महिन्यांच्या भाड्याची तजवीज वेगळी ठेवावी. तथापि, बेघरपणाविषयीचा मोफत सल्ला कौन्सिलने आपल्या हद्दीतील प्रत्येकाला द्यावयाचा असतो. कुटुंबात गरजू बालक असेल, तर १९८९ च्या बालक कायद्याखाली समाजसेवा विभागाकडेही दाद मागता येते. मात्र व्हिसाच्या अटींचा भंग होऊ नये, यासाठी आधी स्थलांतरविषयक जाणकाराचा सल्ला घ्यावा.

याहून नाजूक गोष्ट वृद्ध आई-वडिलांची. मुलाने पालनपोषणाची लेखी हमी देऊन ज्यांना तेथे नेले, त्या आई-वडिलांना ती हमी दिल्यापासून किंवा तेथे पोहोचल्यापासून, यांतील नंतरच्या तारखेपासून, पाच वर्षे ही मदत मिळत नाही. हमी देणारा मृत्यू पावल्यास गोष्ट वेगळी. येथले घर विकून, सारी रक्कम मुलाच्या धंद्यात घालून, सत्तराव्या वर्षी परदेशी गेलेल्या जोडप्याचे घरात पटेनासे झाले, तर त्यांच्यापुढे किती थोडे मार्ग उरतात, याचा विचार तिकिटे काढण्यापूर्वी व्हावा. इंग्लंडमध्ये बेघर होण्याच्या प्रमुख कारणांत कुटुंबीयांनी वा मित्रांनी आणखी ठेवून घेण्यास नकार देणे हे एक कारण वर्षानुवर्षे नोंदवले जाते. येथील घर मोडण्याआधी आई-वडिलांच्या नावे एक छप्पर आणि थोडी ठेव राखून ठेवणे, यात मुलाविषयी अविश्वास नाही. संसारी माणसाचे ते साधे शहाणपण आहे.

नकार आल्यास

कौन्सिलचा प्रतिकूल निर्णय कारणांसह लेखी यावा लागतो. तो मिळाल्यापासून २१ दिवसांत फेरविचार मागता येतो. फेरविचारातही अन्याय झाला असे वाटल्यास कायद्याच्या मुद्द्यावर पुढील २१ दिवसांत काउंटी न्यायालयात अपील करता येते. देऊ केलेले घर गैरसोयीचे वाटले, तर ते नाकारण्यापूर्वी सल्ला घ्यावा. नाकारलेले घर योग्य होते असे पुढे ठरले, तर कौन्सिलचे कर्तव्यच संपते. घर स्वीकारून त्याच वेळी फेरविचार मागण्याची मुभा कायद्याने दिली आहे आणि बहुधा तोच सुरक्षित मार्ग असतो. शेल्टर व सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्था विनामूल्य सल्ला देतात. रुग्णालये, तुरुंग, रोजगार केंद्रे अशा सार्वजनिक संस्थांनी बेघर होऊ घातलेल्या व्यक्तीची माहिती, तिच्या संमतीने, कौन्सिलला कळवावी, असे बंधन १ ऑक्टोबर २०१८ पासून आहे. रुग्णालयातून सुटणाऱ्या नातलगाला जाण्यास घर नसेल, तर वॉर्डमध्येच तसे सांगावे.

हे सारे इंग्लंडपुरते आहे. वेल्सचा कायदा वेगळा असून स्कॉटलंडने २०१२ च्या अखेरीस प्राधान्य-गरजेची अटच काढून टाकली. तेथील कुटुंबांनी तेथील नियम पाहावेत.

समाजाचे फंड, नातलगांचा आधार आणि धर्मशाळांची परंपरा यांचे मोल कमी नाही. अडल्या कुटुंबाला पहिली रात्र बहुधा त्यांच्यामुळेच मिळते. पण मेहुण्याच्या घरातली एक खोली पाच माणसांना वर्षभर पुरत नाही आणि उपकाराच्या ओझ्याखाली नातीही कोमेजतात. कौन्सिलकडे मागितलेली मदत ही भीक नव्हे. ज्या गावात वर्षानुवर्षे कर भरला, त्या गावाच्या कायद्याने मान्य केलेला तो हक्क आहे. भाऊबंदांपैकी कोणी दूरध्वनीवर दबक्या आवाजात भाडे थकल्याचे सांगेल, तेव्हा धीराच्या शब्दांबरोबर त्याला दोन गोष्टी अवश्य सांगाव्यात : किल्ल्या कोणाला देऊ नकोस, आणि उद्याच कौन्सिलकडे जा.